उंबरगडच्या वेशीवर उलटी मोटार

रुक्मिणीबाईंनी इटली देश पहिल्यांदा पाहिला तो सोलापुरात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, भिंतीवर ताणून बसवलेल्या एका धुवट धोतरावर. पुण्याहून आलेले एक पेन्शनर इंजिनिअर कंदिलापुढे काचेची चित्रं सरकवत होते. आपण आणि आपल्या पत्नीने मोटार भाड्याने घेऊन इटलीतली डोंगरावरची जुनी गावं कशी पालथी घातली, हा व्याख्यानाचा विषय होता. एकेक गाव डोंगराच्या शेंड्यावर चढून बसलेलं. भोवती तट, आत बोळ, आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात इंजिनिअरांची पत्नी छत्री घेऊन उभी. धोतराला मधोमध ठिगळ असल्यामुळे इटलीतल्या सगळ्या गावांवर एकच चौकोनी ढग आला होता.

"या गावांचं एकमेकांशी हाडवैर असे," इंजिनिअर सांगत होते. "या डोंगरावरचा माणूस त्या डोंगरावरच्या माणसाला राम राम करायचा नाही."

"अगंबाई, हे तर आपलं चिंचगड की!" रुक्मिणीबाई शेजारणीला म्हणाल्या. "आणि समोरचं ते उंबरगड."

त्यांना वाटलं होतं की आपण कुजबुजलो. पण ते पुरुषांच्या बाजूलाही नीट ऐकू गेलं, चारदोन माणसं हसली, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या वेणीमाधवराव वकिलांनी आपल्या बायकोचा आवाज बरोबर ओळखला.

वेणीमाधवराव दिवाणी वकील होते. त्यांची वकिली चांगली चालत असे. मोटारीचं तसं म्हणता येत नव्हतं. एका गिरणीतला गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्यांनी त्याची जुनी फोर्ड घेतली होती, आणि सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती पहाटे चकरा मारून ते स्वतःच हाकायला शिकले होते. चकरा एकाच बाजूने मारल्यामुळे वकिलांना फक्त उजवीकडे वळता येतं, असं पेठेत बोललं जाई. ते अगदी खरं नव्हतं. डावीकडेही ते वळत, फक्त आधी थोडा विचार करत.

घरी आल्यावर पगडी खुंटीला लावता लावता ते म्हणाले, "तो इंजिनिअर बायकोला घेऊन इटलीभर फिरतो, आणि मी तुला चिंचगडला नेऊ शकत नाही?"

"मला तुम्ही अजून स्टेशनापर्यंत नेलेलं नाही," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

हे त्यांच्या जिव्हारी लागलं असावं. नाताळात कोर्टाला सुट्टी लागली, मुलं आजोळी पंढरपूरला गेली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी फोर्ड दारात थरथरत उभी राहिली. रुक्मिणीबाईंनी कडक भाकरी, धपाटे आणि शेंगांच्या चटणीचा डबा घेतला. वेणीमाधवरावांनी दुर्बीण घेतली, पेट्रोलचे दोन डबे घेतले आणि एक छत्री घेतली.

"छत्री कशाला? पौष तोंडावर आलाय."

"इंजिनिअरांच्या बायकोकडे होती," ते म्हणाले.

पहिला मुक्काम नळदुर्गला झाला. किल्ला पाहिला, पाणीमहाल पाहिला. पाण्याची मौज पावसाळ्यात असते, आणि थंडीत तिथं कोरडी भिंत होती. तेव्हा पाणी कुठून कसं कोसळतं ते वेणीमाधवरावांनी हातांनी करून दाखवलं. ते इतका वेळ दाखवत राहिले की दोन गुराखी आणि एक फकीर पाहायला येऊन बसले. रुक्मिणीबाईंना ते सगळं आवडलं. अकरा वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्यासाठी धबधबा केलेला त्यांनी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चिंचगडची वाट धरली. वाटेत दोनदा चाकातली हवा गेली, आणि घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं. चिंचगड ही लहानशी जहागीर. डोंगरावर तट, तटात गाव, आणि वर जायला एकच अरुंद घाट, एका वेळी एकच गाडी जाईल असा. म्हणून पायथ्याला आडवा बांबू टाकून एक पहारेकरी बसवलेला असे. त्याचं नाव निंगप्पा. त्याने मोटारीकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं आणि हात आडवा केला.

"चढायचं सकाळी, साहेब. दुपारनंतर फक्त उतरायचं. नियम हाय की हो."

"अरे पण आत्ता घाटात कोणी नाही."

"कुणी नसलं तरी नियम हाय."

वेणीमाधवरावांनी त्याला कायदा सांगून पाहिला. निंगप्पाने तो मन लावून ऐकला. शेवटी म्हणाला, "लई छान बोलता. उद्या सकाळी या."

रात्र कुठं काढायची, हा प्रश्न होताच. वेणीमाधवराव फणफणत गाडीत बसले, तीनचार वेळा मागेपुढे करून त्यांनी गाडीचं तोंड सोलापूरच्या दिशेला वळवलं. तेवढ्यात चढायला नाही तरी उतरायला कुणी येईल म्हणून निंगप्पाने बांबू उचलून ठेवला होता. वेणीमाधवरावांनी रागारागाने पाय दाबला. त्या फोर्डला पायाशी तीन पट्ट्या होत्या. डावी दाबायची ती त्यांनी मधली दाबली, आणि मधली होती मागे जायची.

गाडी सुसाट मागे सुटली. बांबूखालून गेली, निंगप्पाच्या चिलमीवरून गेली आणि घाट चढायला लागली.

"अहो! अहो, थांबवा!" रुक्मिणीबाई ओरडल्या. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. "अहो... ही चढतेय की!"

गाडी खरोखरच चढत होती. पुढे जाताना कुरकुरणारं ते इंजिन मागे जाताना गात होतं. वेणीमाधवरावांच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू ओसरली आणि तिथं कोर्टात उलटतपासणीला उभं राहतानाचं हसू आलं.

खाली निंगप्पा धावत येत होता. "वो साहेब! चढायचं न्हाय!"

"आम्ही कुठं चढतोय?" वेणीमाधवरावांनी मान बाहेर काढून विचारलं. "गाडीचं तोंड बघ. कुठं आहे?"

निंगप्पा थांबला. त्याने तोंड पाहिलं. "खाली हाय."

"खाली तोंड असलेली गाडी उतरणारी की चढणारी?"

निंगप्पाने बराच विचार केला. "उतरणारीच म्हणायची," तो म्हणाला. "पर जरा वर चाललीया." आणि चिलमीचे तुकडे गोळा करायला परत फिरला.

आता खरी पंचाईत सुरू झाली. वेणीमाधवरावांना मागचं नीट दिसेना. डाव्या खांद्यावरून मान वळवली तरी मागचा कापडी टप आडवा येई. टप खाली पाडला, रुक्मिणीबाई मागच्या बाकावर गेल्या आणि पदर खोचून, तोंड मागे करून, गुडघ्यांवर बसल्या.

"डावीकडे घ्या!"

गाडी उजवीकडे गेली.

"अहो डावीकडे!"

"तुझ्या की माझ्या?"

"तुमच्या! नाही, माझ्या! अहो दरी आली, दरी!"

गाडी काठावर थांबली. खालच्या झाडीतून एक मोर ओरडला.

"हे डावंउजवं राहू दे," रुक्मिणीबाई शेवटी म्हणाल्या. "डोंगराकडची बाजू म्हणजे सासर. दरीकडची बाजू म्हणजे माहेर. मी म्हणेन तिकडे घ्या."

"दरीकडची माहेर का?"

"तिकडे मोकळं वाटतं म्हणून."

वेणीमाधवरावांना यावर काही म्हणायचं होतं, पण चाकाखालचा एक धोंडा निसटून माहेरी गेला आणि त्यांनी लगेच मधली पट्टी दाबली.

यानंतर मात्र झकास जमलं. "थोडं सासरकडे... अजून... पुरे, पुरे, सासर घासतंय! आता माहेराला घ्या. बेताने, बेताने, एकदम नको." मडगार्ड डोंगराला घासून आवाज येई तेव्हा रुक्मिणीबाईंना उगीचच आपल्या थोरल्या जाऊबाईंची आठवण होई. दोन वळणं गेली, तीन गेली. वर तट दिसायला लागला, तटावरचं पिंपळाचं झाड दिसायला लागलं. इंजिनिअरांच्या पत्नीला हे गाव असं गुडघ्यांवर बसून पाहता आलं नसेल, असं त्यांच्या मनात आलं.

आणि चौथ्या वळणावर वाजंत्री ऐकू आली.

वरून वऱ्हाड उतरत होतं. पुढे सनई-ताशा, मागे घोडीवर नवरदेव, त्याच्यामागे एकाला एक लागून बैलगाड्या. नवरदेवाचे वडील कोंडीबा लाल पटका बांधून सगळ्यात पुढे चालत होते. वळणावर येऊन ते थबकले. समोर एक मोटार होती, तिची पाठ त्यांच्याकडे होती आणि त्या पाठीवरून एक बाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"राम राम," कोंडीबा म्हणाले. "पुढं व्हा की सायेब. आमाला मुहूर्त गाठायचाय. गोरजाचा हाय."

"आम्ही पुढेच चाललो आहोत," पाठ न वळवता वेणीमाधवराव म्हणाले.

"पुढं म्हंजी तकडं की! तुमची गाडी तर हिकडं सरकायलीया."

"आम्हांला वर जायचं आहे."

कोंडीबांनी गाडीला एक वळसा घालून तोंड पाहिलं आणि परत येऊन पाठ पाहिली. "आवो, वर जायचं तर तोंड खाली कशापाय केलंय?"

"नियमाप्रमाणे!" वेणीमाधवराव म्हणाले. आणि आपला मुद्दा ठसवण्यासाठी त्यांनी भोंग्याचा रबरी फुगा जोरात दाबला.

तो दाबायला नको होता. भोंगा ओरडला, घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, बाशिंग बांधलेला नवरदेव हवेत गेला आणि तरवडाच्या झुडपात पडला. घोडी वळली आणि सगळ्या बैलगाड्यांच्या कडेने, दरीच्या काठाकाठाने, सरळ चिंचगडला घरी निघून गेली.

सनई थांबली. ताशेवाल्याच्या लक्षात यायला वेळ लागला, तो थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला.

रुक्मिणीबाई उडी मारून खाली उतरल्या. झुडपातून आधी बाशिंग वर आलं, मग नवरदेव जोतीराम. विशीतला पोरगा. नाकावर ओरखडा होता, बाकी धड होता.

"लागलं का रे बाळा?"

"न्हाय," जोतीराम म्हणाला. त्याची नजर मोटारीवरून हलत नव्हती. "ही मोटार कुनाची हाय?"

कोंडीबांनी पटका नीट केला आणि वेणीमाधवरावांसमोर येऊन उभे राहिले. "सायेब, घोडी तुमच्यामुळं गेली. आता नवरा चालत न्यायचा व्हय? उंबरगडवाले काय म्हनतील? दोन गावांत आज कित्येक वर्सांनी सोयरीक होतीया."

वेणीमाधवरावांना कायद्याने यात आपली जबाबदारी किती हे सांगता आलं असतं. पण बायको त्यांच्याकडे पाहत होती. "बसवा त्याला मागं," ते म्हणाले.

जोतीराम बसला. एवढा मोठा डोंगर उतरेपर्यंत त्याने एकदाही पापणी लववली नाही. आता गाडीला सरळ पुढे जायचं होतं, तोंड खालीच होतं, मागून वाजंत्री. वेणीमाधवराव ताशाच्या ठेक्यावर गाडी चालवायला लागले. पायथ्याशी निंगप्पा नवीन चिलीम भरत होता. गाडी जाताना त्याने बांबू उचलला आणि समाधानाने मान हलवली. "उतरली एकदाची," तो म्हणाला.

उंबरगड समोरच्या डोंगरावर. मधे दोन कोसांचं माळरान. इथं फोर्डने कमाल केली. ती इतकी नीट चालली की मागच्या बैलगाड्यांसाठी तीनदा थांबावं लागलं. जोतीराम प्रत्येक वेळी विचारायचा, "आनखी पळती काय वो?" आणि वेणीमाधवराव म्हणायचे, "पळते तर! पण मर्यादा म्हणून काही असते." रुक्मिणीबाईंनी त्याला धपाटं दिलं. नवऱ्यामुलाने उपाशी राहायचं असतं हे तो धपाटं संपल्यावर म्हणाला.

उंबरगडचा चढ सुरू झाला आणि गाडीने मान टाकली. एकदा, दोनदा, तीनदा. चार पावलं चढायची, खोकायची आणि बंद पडायची. वेणीमाधवरावांनी हँडल मारमारून घाम काढला. सूर्य खाली चालला होता. वर वेशीवर हलगी वाजायला लागली होती, म्हणजे मुलीकडची मंडळी सामोरी येऊन उभी होती.

"काय झालं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"पेट्रोल बाकाखाली असतं. नाक वर गेलं की ते इंजिनापर्यंत पोचत नाही."

"मग नाक खाली करा. मघाशी केलं तसं."

"आणि नवरा?"

"नवरा गाडीतच आहे की. तो काय खाली सांडतोय?"

कोंडीबांना हे फारसं कळलं नाही, पण मुहूर्त कळत होता. सात-आठ वऱ्हाड्यांनी हात लावून गाडीचं तोंड खाली फिरवलं. रुक्मिणीबाई बाकावर गुडघ्यांवर चढल्या, शेजारी जोतीराम बाशिंग सावरून बसला, आणि फोर्ड मागे पाय काढत ऐटीत चढ चढायला लागली. "सासर... सासर... माहेर बघा, माहेर..." जोतीराम गोंधळून त्यांच्याकडे बघत होता. सासरी तर तो चाललाच होता.

उंबरगडच्या वेशीवर सगळा गाव लोटला होता. मधोमध नवरीची आजी बजाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. आधी धूर दिसला. मग खडखडाट ऐकू आला. मग पाठ दिसली. मोटारीची पाठ, तिच्यात नवऱ्याची पाठ, आणि पुढे हाकणाऱ्याचीही पाठ. गाडी वेशीशी येऊन थांबली. हलगी बंद झाली.

बजाबाईने ताट खाली केलं. "आगं बया," ती म्हणाली. "मी आता नवऱ्याची पाठ ववाळू व्हय?"

"चिंचगडवाल्यांनी पाठ फिरवली!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "मुद्दाम केलंय! वेशीवर अपमान!" काठ्या दिसायला लागल्या. पुण्याचे इंजिनिअर हाडवैराबद्दल बोलत होते तेव्हा रुक्मिणीबाईंना किती मजेचं वाटलं होतं.

वेणीमाधवराव गाडीतून उतरले. कोट झटकला. पन्नास माणसं एका बाजूला आणि शंभर दुसऱ्या बाजूला असली की त्यांना कोर्टात आल्यासारखं वाटे.

"मंडळी," ते म्हणाले, "पाठ दाखवणे याचा अर्थ काय? लढाईत पाठ कोण दाखवतो? जो हरतो तो! म्हणजे चिंचगडने आज तुमच्यापुढे हार मानली. अपमान कसला? हा तर तुमचा मान आहे!"

उंबरगडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे त्यांना पटलं. एकदोघे हसले, काठ्या खाली आल्या. कुणीतरी "वा वकीलसायेब!" असंही म्हणालं.

आणि मागून कोंडीबांचा आवाज आला. "काय म्हनला? कोन हरलं?"

चिंचगडच्या बैलगाड्यांतून आता माणसं उतरायला लागली. "आमी पळालो व्हय? तुमचा पाटील आमच्या तटावरनं उडी टाकून पळाल्याला, इसरला काय?" "तुमचा पळाला!" "तुमचा!" ताशेवाल्याने उगीचच ताशावर दोन टिपऱ्या मारल्या, त्याने आणखी भर पडली. वेणीमाधवराव दोन्ही बाजूंना हात करून "माझं म्हणणं पुरतं ऐका" म्हणत होते. ते आता कोणीच ऐकत नव्हतं.

रुक्मिणीबाई गाडीतच होत्या. मागच्या बाकावर, गुडघ्यांवर, गावाकडे तोंड करून. त्यांच्या अगदी समोर, दोन हातांवर, बजाबाई ताट धरून उभी होती. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. बजाबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. निरांजन विझेल म्हणून तिने ताटावर पदर धरला होता.

"आजी," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "माझं तोंड दिसतंय की तुम्हांला?"

"दिसतंय की. चांगलं गोल हाय."

"मग नवऱ्याचंही दिसेल." त्यांनी जोतीरामच्या खांद्याला धरलं. "ऊठ रे. असा माझ्यासारखा फिर. गुडघे टेक बाकावर."

"आन् बाशिंग?"

"बाशिंग तुझ्याबरोबर फिरेल."

जोतीराम फिरला. बाकाच्या पाठीवर दोन्ही कोपरं टेकून, मुंडावळ्या लोंबवत, नाकावरच्या ओरखड्यासकट तो उंबरगडच्या समोर आला. एकदम एवढा जवळ, एवढा समोर आला की पहिल्या रांगेतल्या बायका लाजून मागे सरकल्या.

रुक्मिणीबाईंनी आवाज चढवला. घरात मुलांवर चढवत तेवढाच. "भांडण थांबवा! मोटारीचं तोंड कुठं का असेना, लग्न मोटारीचं नाही. नवऱ्याचं तोंड गावाकडं आहे. घोड्यावर बसून आला असता तर त्याचं तोंड तुम्हांला घोड्याच्या कानांतून दिसलं असतं. आता बघा, मधे कोणी आहे का?"

गलका ओसरला. बजाबाईने पुढे होऊन निरखून पाहिलं.

"काळा हाय थोडा," ती म्हणाली. "पर डोळं चांगलं हायती." आणि तिने ओवाळायला सुरुवात केली.

मग काय, हलगी वाजली, सनई वाजली. नवरा असा फिरून गावाला सबंध दर्शन देतो, हा काही भारी नवा प्रकार आहे असं उंबरगडच्या बायकांचं मत पडलं. कोंडीबांनी "आमी मुद्दामच तसा आनला" असं सांगायलाही कमी केलं नाही. गाडी आता गावातून मंडपाकडे अशीच उलटी न्यायची ठरली. दोन्ही बाजूंनी माणसं, छपरांवर पोरं. मागे गुडघ्यांवर नवरदेव आणि रुक्मिणीबाई, पालखीतल्या देवांसारखे. घराघरांतून बायका येत, जोतीरामला ओवाळत, रुक्मिणीबाईंना कुंकू लावत, ओटी भरत. त्यांच्या ओच्यात नारळ, सुपाऱ्या, खण यांचा ढीग झाला. एकीने त्यांच्या तोंडात गूळ कोंबला. दुसरीने विचारलं, "मुलं किती?" तिसरीने हातातल्या पाटल्या पाहायला मागितल्या.

या सगळ्या गावात गावाकडे पाठ असलेला माणूस एकच होता. वेणीमाधवराव डाव्या खांद्यावरून मान पिळून कान देऊन बसले होते आणि सूचनेची वाट पाहत होते. सूचना येईना.

"सरळ का?" त्यांनी विचारलं.

"दोन मुलगे, एक मुलगी," रुक्मिणीबाई सांगत होत्या.

"थांबू का?"

"सोन्याच्याच आहेत, पण आतून लाख."

मंडप मागे गेला. म्हणजे पुढे गेला. मंडपाच्या दारात उभे असलेले भटजी हात करत राहिले आणि फोर्ड त्यांच्यासमोरून संथपणे मागे जात, परसातल्या कडब्याच्या गंजीत शिरली. मऊ आवाज झाला. गंजी थोडी हलली, आणि मग वरून सगळा कडबा सावकाश खाली आला.

आत अंधार आणि ज्वारीचा गोड वास होता. "काकू," जोतीरामचा आवाज आला, "आलं काय?"

माणसांनी कडबा उपसून तिघांना बाहेर काढलं. नवरदेवाच्या बाशिंगात कडब्याचं एक चिपाड उभं राहिलं होतं. ते काढायला वेळ नव्हता, गाई गावात शिरत होत्या. तो तसाच अंतरपाटासमोर उभा राहिला. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरी, सारजा तिचं नाव, त्या चिपाडाकडे पाहून इतकी हसली की तिच्या हातातल्या माळेने नेम चुकवून भटजींचा कान धरला. लग्न मात्र मुहूर्तावर लागलं. जेवणात शाकभाजी, पुऱ्या, लापशी. दोन्ही गावं एका पंगतीला बसली आणि कोण कोणत्या तटावरून पळालं होतं यावर जेवताना वाद झाला, पण तो भरल्या तोंडाने झाला.

सकाळी बैल लावून फोर्ड कडब्यातून बाहेर ओढली. तिला काही झालं नव्हतं. झालं होतं वेणीमाधवरावांना. आदला अर्धा दिवस डाव्या खांद्यावरून पाहून त्यांची मान तशीच अडकली होती. बजाबाईने तिळाचं तेल चोळलं, कोंडीबांनी दोन्ही हातांनी धरून एक हिसका देऊ का म्हणून विचारलं, त्याला मात्र वकिलांनी ठाम हरकत घेतली. मान जिथं होती तिथंच राहिली.

निरोप घेऊन दोघं गाडीत बसली. वेणीमाधवराव उजव्या हाताला, चाकाशी. रुक्मिणीबाई त्यांच्या डाव्या हाताला. मान डावीकडे अडकलेली, त्यामुळे त्यांची नजर थेट बायकोच्या चेहऱ्यावर होती आणि काही केलं तरी तिथून हलत नव्हती. वेशीवर जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"वकीलसायबांचा जीव लई हाय बगा बाईवर," बजाबाई म्हणाली. "डोळं निघंनात."

रुक्मिणीबाईंचे कान तापले. "पुढे बघा की," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"बघता येत नाही."

"मग गाडी कशी चालवणार?"

"पुढचं तू बघ आणि मला सांग."

उतारावर गाडी आपोआप सुटली. खाली माळरान पसरलं होतं, उन्हात ज्वारीचं रान हिरवं दिसत होतं, आणि दूरवर धुळीत सोलापूरचा रस्ता जात होता. रुक्मिणीबाईंनी डोळे रस्त्यावर रोवले.

"सरळ... सरळच... बैलगाडी येतेय, थोडं थांबा... असं काय बघताय हो एकसारखं?"

"बरं दिसतंय," वेणीमाधवराव म्हणाले. "कुंकू नाकावर आलंय तुझ्या."

त्यांनी पदराने नाक पुसलं. पुसता पुसता रस्त्याकडे दुर्लक्ष झालं, गाडी अलगद रस्ता सोडून हरभऱ्याच्या रानात उतरली आणि एका बांधाला टेकून उभी राहिली. इंजिन बंद पडलं. रानाची मालकीण लांबून ओरडत यायला लागली. तिला बांधापर्यंत पोचायला वेळ लागणार होता. तोवर रुक्मिणीबाईंनी मागे हात घालून लग्नाच्या घरून बांधून दिलेली लापशी काढली, आणि नवऱ्याची मान खाली वळत नव्हती म्हणून पहिला घास स्वतःच त्यांच्या तोंडात घातला.